नारळाचा दगड

रात्रीच्या भरतीनं वाळूवर सोडलेल्या फेसाच्या रेघेवर मी उभी होते, सकाळचे सात वाजले होते, आणि तिथून घेराच्या कुंपणापर्यंत मी पावलं मोजत होते. तीन भरली. परत मागं गेले, या खेपेला मुद्दाम लहान लहान टाकली, म्हणजे निदान चार तरी व्हावीत. तीनच.

घेर म्हणजे वाळूतच बांबू रोवून, जुनं जाळं लावून केलेलं कंबरभर उंचीचं कुंपण. समुद्रातली कासवीण रात्री किनाऱ्यावर येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि मागं वळून न बघता निघून जाते. ती अंडी कुत्र्या-कोल्ह्यांनी खाऊ नयेत म्हणून आम्ही उचलायची, घेरात तेवढ्याच खोल पुरायची आणि पन्नासेक दिवस राखण करायची. त्या दिवशी घेरात नऊ घरटी होती. हजारभर अंडी, आणि त्यातली बरीचशी चाळीस दिवसांची, म्हणजे आत पिल्लं धरलेली.

अकरा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा सावरखाडीला वनरक्षक होते. मूळची माणदेशातली, छाया लोखंडे. आमच्याकडं पाणी म्हणजे टँकर. समुद्र मी नोकरीला लागेपर्यंत कॅलेंडरवर पाहिला होता. पण अंगात रग भारी. वर्षभरात गावाला कासवं शिकवायला लागले होते मी, ज्या गावानं मला शिकवायचं त्या गावाला.

घेराच्या पुढ्यात, समुद्राच्या बाजूला, एक काळा गुडघाभर उंचीचा दगड होता. नारळी पुनवेला गावाचा पहिला नारळ त्याच्यापाशी दर्याला द्यायचा, म्हणून त्याला नारळाचा दगड म्हणत. दर्या हा दगड ओलांडत नाही, असं सावरखाडीतलं शेंबडं पोरही सांगायचं. मी हसायचे. पण हसता हसता मीही त्याच दगडावर भरवसा टाकला होता, आणि तोही गावापेक्षा जास्त. ते असं झालं.

आदल्या वर्षी आमच्या खात्यानं किनाऱ्यावरच्या प्रत्येक वनरक्षकाला काम लावलं होतं. हवामान बदलतंय, समुद्र चढतोय, वाळू तापतेय, तर पुढची दहा वर्षं कासवांची अंडी कुठं राखायची याचा आराखडा करा. मी कपाटातली जुनी रजिस्टरं काढली. बावीस वर्षांची. दर वर्षी शिमग्यानंतर त्या वेळचा वनरक्षक दगडापासून भरतीच्या रेघेपर्यंत पावलं मोजून लिहायचा. चौदा. चौदा. पंधरा. चौदा. बावीस वर्षं समुद्र जागचा हलला नव्हता. मी आराखड्यात ठोकून दिलं की हा किनारा स्थिर आहे, घेर दगडामागंच ठेवावा. साहेबांनी पाठ थोपटली. बाकीच्या गावांनी हा नमुना घ्यावा म्हणाले. मला तर आकाश ठेंगणं झालं.

आणि मोजणी पुढंही पक्की राहावी म्हणून मी मे महिन्यात त्या दगडाच्या बुडाशी खणून सिमेंट ओतलं. त्या दिवशी लक्षूतात्या पावशे तिथं येऊन उभे राहिले होते. तात्या म्हणजे आमच्या कासव मंडळाचे म्होरके, सत्तरीचे, वाकलेले, बोलायला महाकंजूस. किती पोती घातलीस, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं दोन. किती खोल गेलंय, म्हणाले. मी म्हटलं दोन हात. ते बराच वेळ दगडाकडं बघत राहिले आणि निघून गेले. मला वाटलं, देवाच्या दगडाला हात लावला म्हणून म्हातारा रुसला.

तर ती अमावास्येची सकाळ. फेसापासून घेर तीन पावलं, आणि घेराच्या पुढ्यातल्या दगडापासून तर एकच. चौदा पावलं गेली कुठं, हे काही कळेना. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. दक्षिणेकडं कुठं तरी दूर समुद्रात वादळ झालंय, त्याच्या लाटा दुपारच्या उधाणात आपल्या किनाऱ्यावर चढणार, होड्या वर ओढायला सांग, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, घेर हलवावा लागेल. तर ते उखडलेच. चाळीस दिवसांची अंडी हलवतात का कधी? मरतील सगळी. आणि तुझ्याच आराखड्यात ती जागा सुरक्षित आहे ना? हलवलीस आणि काही झालं तर तुझ्या नावावर. फोन ठेवला.

उधाण पावणेबाराला होतं.

मी मंडळाच्या लोकांना बोलावणं धाडलं. आठ जण आले. होड्या बांधणारा बाळा मेस्त्री, कानावर पेन्सिल खोचलेली. दत्ता खोपकर, त्याची म्हातारी आई अनसूयाकाकू, आणि मासळी सुकवणाऱ्या चार-पाच बायका. मी म्हटलं, देवळामागच्या उंचवट्यावर नवे खड्डे घ्यायचे आणि दुपारच्या आत सगळी अंडी तिकडं न्यायची. कुणी जागचं हललं नाही.

दत्ता म्हणजे मंडळातला सगळ्यात खटपट्या माणूस, पण त्या दिवशी तोच आडवा आला. त्याचा बाप एके काळी टोपल्या भरभरून कासवांची अंडी बाजारात विकायचा. नुसता तोच नाही, अर्धं गाव. पंचवीस वर्षांपूर्वी लक्षूतात्यांनी ते थांबवलं. कायदा दाखवून नाही. त्यांनी सगळ्यांसमोर नारळाच्या दगडावर हात ठेवून शब्द दिला होता की दगडामागं ठेवलेलं अंडं दर्या नेणार नाही, तुम्ही मला द्या, मी पिल्लू करून दाखवतो. त्या शब्दावर दत्ताच्या बापानं टोपली टाकली. हे मला गावानं शंभरदा ऐकवलं होतं.

“मॅडम,” दत्ता म्हणाला, “दगड कवा बुडला नाय. तुमच्या कागदातच तसं लिवलंय. आन तुमीच सांगितलंत, दिस गेलेलं अंडं उलटलं तर आतलं मरतं. आज तुमीच म्हणता उचला.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी चिडले, तोंडाला येईल ते बोलले, तुम्हाला डोळे नाहीत का, फेस दिसत नाही का. मी ओरडले की माणसं आणखी घट्ट होतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं. बाळा मेस्त्री शांतपणे म्हणाला, तात्यांनी सांगितलं तर उचलू. आणि तात्या आलेच नव्हते. बोलावणं धाडूनही.

आठ वाजून गेले होते. मी तरातरा तात्यांच्या घरी गेले.

ते पडवीत जाळं घेऊन बसले होते. हातात सुई होती, पण दोरा ओवलेला नव्हता. मी उभ्या उभ्याच सुरू झाले. लाटा येणार आहेत, माणसं ऐकत नाहीत, तुम्ही एक शब्द टाका, नाहीतर दुपारी नऊच्या नऊ घरटी जातील आणि मग बसा दगडाला नारळ देत. असलं सगळं बोलले. सत्तरीच्या माणसाला. आजही आठवलं की लाज वाटते.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाय, तुज्या सिमेंटानं घात केला.”

“सिमेंटचं काय आता मध्येच, तात्या?”

“आषाढात गेलोवतो. पहार घेऊन. दोन दिस खपलो.” ते माझ्याकडं न बघता बोलत होते. “नाय हलला.”

मला आधी कळलंच नाही. आणि मग कळलं तेव्हा मी पडवीच्या कट्ट्यावर बसले. चौदा, चौदा, पंधरा, चौदा. समुद्र जागचा हलला नव्हता असं नव्हतं. समुद्र येत होता आणि दगड मागं सरत होता. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, किनाऱ्याकडं कुणी फिरकत नाही, आणि पाऊस सरल्यावर वाळूची ठेवणच अशी बदललेली असते की दगड चार पावलं इकडं की तिकडं, कुणाच्या लक्षात येत नाही. दर दोन-चार वर्षांनी समुद्र पुढं आला की त्याच आषाढात हे गृहस्थ तो दगड उपटून वर आणून रोवत होते. मग दगडामागं घेर. मग रजिस्टरात चौदा पावलं.

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा अंडी आली नाहीत. माझा आराखडा आला. बाकीच्या गावांनी नमुना म्हणून घेतलेला. मला त्या म्हाताऱ्याचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

“का केलंत असं?” मी विचारलं.

“शब्द दिलावता,” तात्या म्हणाले. “पयल्याच सालाला दर्या दगडाला लागला. चार घरटी व्हती आत, थोडक्यात वाचली. एकदा नेली असती तर मंग कोण देतंय मला अंडी? दर्याला घालण्यापेक्षा आमी खाऊ, असंच म्हणाले असते. मी दगड मागं घेतला. मंग परत घेतला. दर्या काय थांबला नाय, मी पण नाय थांबलो.”

मग त्यांनी सुई खाली ठेवली. “मी सांगतो लोकांना. माज्या तोंडानं सांगतो. पण एक कर. भागीचं नाव काढू नको.”

भागीरथी त्यांची बायको. दोन वर्षांमागं वारलेली. आता कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा दगड एकट्या माणसाला हलणारा नव्हताच. पहार एकानं मारायची आणि खाली ओंडके सारायला दुसरं कुणी तरी लागायचंच.

आम्ही किनाऱ्यावर पोचलो तोवर पावणेनऊ झाले होते. लाटा अजून लांब होत्या, पण त्यांचा आवाज बदलला होता, जड झाला होता. तात्या दगडापाशी गेले, आणि ज्या दगडावर हात ठेवून शब्द दिला होता त्यावरच हात ठेवून त्यांनी सांगून टाकलं. पाच-सहा वाक्यांत. दर्यानं दगड कधीच ओलांडला असता, मीच मागं घेत आलो. या सालाला जमलं नाही. अंडी उचला.

दत्ताचा चेहरा असा झाला की मला बघवेना. पंचवीस वर्षं त्याच्या घरानं एका दगडाकडं बघून धंदा सोडला होता.

“तुमी फसवलंत आमाला,” तो म्हणाला. मोठ्यानं नाही. मोठ्यानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

“व्हय,” तात्या म्हणाले. “एकट्यानं फसवलं. दुसरं कोन नव्हतं.”

तेव्हा अनसूयाकाकू पुढं आली. वाळूत काठी रोवली आणि म्हणाली, “एकट्यानं कसा हलेल हा धोंडा? भागी व्हती बरोबर. मी बघितलंय. तुज्या बापाच्या वर्षश्राद्धाच्या साली, दत्ता. पाऊस पडत व्हता, आन दोघं चिखलात लोळत व्हती दगडाला धरून.” तिनं काठी वाळूत आणखी दाबली. “मी घरी जाऊन चूल पेटवली. कुनाला बोलले नाय. बोलले असते तर तू दुसऱ्याच दिशी टोपली घेऊन गेला असतास.”

तात्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. काकू मात्र तिथं थांबली नाही. लुगड्याचा काष्टा सारखा केला, घेराचं दार उघडून आत गेली आणि गुडघे टेकून पहिल्या घरट्यावरची वाळू हातानं बाजूला करायला लागली. मग दत्तानं फावडं उचललं आणि देवळाकडं पळत सुटला, खड्डे घ्यायला.

आता सगळा प्रश्न अंडं न उलटण्याचा होता. पिल्लू आतून कवचाच्या वरच्या बाजूला चिकटून धरलेलं असतं. अंडं फिरलं की ते सुटतं आणि खलास. बाळा मेस्त्रीनं कानावरची जाड पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, प्रत्येक अंडं जागेवर असतानाच वरच्या बाजूला फुली मारायची. फुली आभाळाकडंच राहिली पाहिजे. घमेल्यात ओली वाळू, तिच्यात अंडं, फुली वर. चालताना हिसका नाही, धावायचं नाही. लाटा मागून येत असल्या तरी धावायचं नाही.

मी आयुष्यात इतक्या हळू कधी काम केलं नव्हतं. एक अंडं दिसलं की फुली. काकू दोन्ही हातांची ओंजळ करून ते काढायची, घमेल्यात ठेवायची. बायका घमेली डोक्यावर घेत नव्हत्या, पोटाशी धरून चालत होत्या. देवळामागं दत्ता खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून एकेक अंडं उतरवत होता, फुली वर. एका घरट्याला अर्धा तास जात होता. मी मनात हिशोब केला, तो बसत नव्हता. मग दोन गट केले. बाळानं पेन्सिल कडकन मोडून दोन तुकडे केले. लाकूडकामाची हक्काची पेन्सिल होती ती.

साडेदहाला पहिली लाट दगडाला लागली. कुंपणाच्या खालून पाण्याची जीभ आत आली आणि परत गेली. वाळू खालून ओली झाली, खड्ड्यांच्या कडा ढासळायला लागल्या. पाच घरटी झाली होती. सहावं. माझ्या फुल्या वाकड्या येत होत्या. तात्या आमच्यातच होते. घमेलं पोटाशी धरून, त्या वाकलेल्या पाठीनं, चढ चढत होते. कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. पण चढावर त्यांचा पाय घसरला तेव्हा खड्ड्यापाशी असलेला दत्ता धावत आला आणि त्यानं तात्यांना नाही, घमेल्याला हात घातला. एकही अंडं फिरलं नाही. मग दुसऱ्या हातानं त्यानं तात्यांचा दंड धरला आणि वरपर्यंत सोडला नाही.

सातवं घरटं निम्मं झालं असताना ती लाट आली. लांबून नुसती फुगत आली, फुटलीच नाही, आणि सरळ दगडावरून चालत गेली. दगड दिसेनासा झाला. आम्ही सगळे, कुणी गुडघ्यावर, कुणी घमेलं घेऊन, नुसते बघत राहिलो. पाणी ओसरलं तेव्हा दगड तिथंच होता, माझ्या सिमेंटात घट्ट, आणि त्याच्यामागचं कुंपण आडवं झालं होतं. तात्यांनी मागं वळून बघितलं नाही. ते चढावर होते, चालत राहिले. काकूनं माझ्या पाठीत धपाटा घातला. फुली मार, म्हणाली.

सातवं घरटं आम्ही घोट्याइतक्या पाण्यात गुडघे टेकून पुरं केलं. पुढची दोन गेली. ती दोन मी आजही मोजते.

बारा-तेरा दिवसांनी देवळामागच्या वाळूला भेगा पडल्या आणि पिल्लं वर आली. सातांपैकी पाच घरट्यांतून. दोन घरट्यांतलं काहीच निघालं नाही, आमच्याच हातून कुठं तरी फिरलं असणार. साहेब मला जे बोलायचं ते बोललेच. मी नवा आराखडा लिहिला, त्याच्या पहिल्या पानावर लिहिलं की जुनी बावीस वर्षांची मोजणी चुकीची आहे आणि ती तपासून न बघता मी पुढं पाठवली. घेराची जागा कायमची ठरवू नये, दर वर्षी पावसाळ्यानंतर गावानं बसून नव्यानं ठरवावी, असं लिहिलं. तो नमुना म्हणून कुणी घेतला नाही. सावरखाडीनं घेतला. दर आश्विनात ते दगडाची जागा बदलतात, सगळ्यांनी मिळून, उघड्यावर. माझं सिमेंट पहिल्या साली बाळा मेस्त्रीनं फोडलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी काय झालं ते सांगायचं राहिलं.

सहाच्या सुमाराला ओहोटी लागून समुद्र लांबपर्यंत मागं गेला होता. मी देवळाच्या पायरीवर बसले होते, अंग मोडून आलं होतं. तात्या आले आणि म्हणाले, टेप आण. मी म्हटलं, आता कशाला? ते खाली उतरायलाही लागले होते, म्हणून मी पिशवीतला तीस मीटरचा टेप काढून मागं गेले.

दगडापाशी त्यांनी मला उभं केलं. टेपचं टोक स्वतःच्या हातात घेतलं, डबी माझ्याकडं राहू दिली आणि समुद्राकडं चालायला लागले. पाच-सहा पावलांवर थांबले. पायानं ओल्या वाळूत रेघ मारली.

“हितनं शेवटचा उचलला,” ते म्हणाले. “भागीला तवा धाप लागायची.”

मी आकडा वाचला. लिहून घेतला. ते पुढं चालले. परत थांबले. हितं धाकटीच्या लग्नाच्या साली, म्हणाले, भागीच्या हातावरची हळद निघाली नव्हती. मी लिहिलं. आणखी पुढं. हितं मोठं पाणी आलंवतं, दोन साल ओळीनं हलवला. मी लिहिलं. बावीस वर्षं रजिस्टरात जे एकदाही उतरलं नव्हतं ते सगळं त्यांना वाळू बघून आठवत होतं, पावलापावलाला. त्यांचा आवाज आता लांबून यायला लागला होता. मी ओरडून विचारत होते आणि ते हात वर करून दाखवत होते, अजून नाही, अजून पुढं.

मग माझ्या हातातल्या डबीला हिसका बसला. टेप संपला होता. मी थांबा म्हणून हाक मारली. त्यांनी टोक वाळूवर ठेवून दिलं आणि मागं न बघता पुढं निघाले, दगडाच्या पहिल्या जागेकडं. गुडघाभर पाण्यात शिरले तरी ते अजून चालतच होते.